वढ, मोकळं

"हा पाठवा."

डाव्या नडगीत स्टीलची एक पट्टी आणि सात स्क्रू. थंडीत बोलतात, पावसाळ्यात गप्प बसतात. बाकीच्यांचं उलटं असतं म्हणे.

कापणी झालेलं भाताचं खाचर वरून पाहिलं तर चार दिवस दाढी न केलेल्या गालासारखं दिसतं. खालून ते कुणाला कळायचं नाही.

शाळेच्या व्हॅनचा ब्रेक आधी अर्धा दाबायचा, मग पुरता. एकदम दाबला की मागची अकरा पोरं पुढच्या सीटवर.

रेल्वेत फोनवरून निरोप आला की घेणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा. मगच तो निरोप.

रजिस्टरच्या पानावर निळ्या शाईत दोन शब्द. विद्यार्थिनी घाबरली.

हे दोन शब्द रेणुकाला एकोणीस वर्षं माहीत नव्हते. कळले ते एका शनिवारी सकाळी, पोहे खाताना, आणि सांगणारी खो खो हसत होती.

सांगणारी म्हणजे तेजल, रेणुकाच्या भावाची मुलगी. राहायची वराळ्याला. कॉलेजला सुट्टी लागली म्हणून कामशेतच्या बाजूला टेकडीखाली जो पॅराग्लायडिंगचा कॅम्प आहे तिथं कोर्सला नाव घातलेलं, आणि जवळ पडतं म्हणून भाजे गावात आत्याकडे मुक्काम.

"आत्या, ऐक ना. आमचे मोठे सर आहेत ना, राजेंद्र सर, ते प्रत्येक बॅचला एक किस्सा सांगतात. पूर्वी म्हणे इथल्याच गावातली एक मुलगी होती. हवेत गेली. सर खालून ओरडतायत, सोड, सोड, ब्रेक सोड. आणि ही बाई इतकी घाबरली, इतकी घाबरली, की ओढतच बसली. धप्प! सर असे हात करून दाखवतात. सगळे पडून पडून हसतात."

रेणुकाच्या हातातला चमचा बशीवर टेकला.

"अजून काय सांगत्यात?"

"रजिस्टरचं पान फ्रेम करून लावलंय हॉलमध्ये. विद्यार्थिनी घाबरली. खाली सरांची सही."

"नाव हाय का तिचं?"

"नावावर पांढरी शाई फिरवलीये. कुणाची बदनामी नको म्हणून."

रेणुकानं सलवारीचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. नडगीवरून खाली उतरणारा व्रण शिवण उसवल्यासारखा जाड होता. तेजलनं तो लहानपणापासून पाहिलेला. आत्या घसरून पडली होती, एवढंच तिला घरात सांगितलेलं.

"ही ती बाई," रेणुका म्हणाली. "हस आता."

तेजल हसली नाही. तिनं बशी खाली ठेवली आणि तो व्रण पहिल्यांदा नीट पाहिला.

*

तेव्हा काय झालं ते असं.

दोन हजार सहा. कॅम्प नवा होता. गावातल्या दोन मुलींना फुकट शिकवायचं ठरलं, त्यात एकवीस वर्षांची रेणुका होती. पाच वेळा ती वरून उडाली आणि पाचही वेळा खाचरात सरळ उभी उतरली. सहाव्या वेळी टेकडीच्या कडेला वाऱ्याचा झोत आला, तिचे हात आपोआप खाली आले. पॅराग्लायडरचे ब्रेक म्हणजे दोन दोऱ्या, एकेका हातात एकेक. ओढल्या की वेग मरतो. उतरताना जमीन पायाशी आली की ओढायच्या, एरवी हात वर, दोऱ्या मोकळ्या. हवेत असताना वेग मेला की वरची छत्री मागं पडते आणि खालचं माणूस दगडासारखं सुटतं.

छातीवरच्या वॉकीटॉकीतून सरांचा आवाज आला.

"ओड!"

आणि परत, "ओड!"

ओढ म्हणतायत. रेणुकानं कमरेपर्यंत ओढलं.

सर म्हणाले, मी सोड म्हणालो होतो. म्हणाले असतील. तिला ओड ऐकू आलं. हे तिनं हॉस्पिटलात सांगितलं, घरी सांगितलं, सर भेटायला आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. सर म्हणाले, "होतं असं. भीतीनं कानात काहीही वाजतं." वडिलांनी तर विषयच मिटवला. बौद्धवाडीतली पोर उडायला गेली नि आपटली, हे वरच्या आळीला चघळायला नको. घसरली म्हणा.

घसरली तर घसरली.

पण घाबरली?

जी बाई रोज सकाळी जुन्या हायवेवरून, डाव्या हाताला ट्रक आणि उजव्या हाताला ट्रक, मागं गाणी म्हणणारी अकरा पोरं घेऊन मळवली ते कामशेत व्हॅन हाकते, ती?

*

नाव: रेणुका. (आडनावाच्या रकान्यात तिनं गावाचं नाव लिहिलं. भाजे.)

वय: चाळीस.

पूर्वीचा अनुभव: पाच उड्डाणं, एक पडणं.

शस्त्रक्रिया झाली आहे का: झाली आहे. पट्टी शाबूत आहे.

कोर्स करण्याचं कारण: एक शब्द दुरुस्त करायचा आहे.

राजेंद्र सरांनी फॉर्म वाचला, चष्मा कपाळावर ढकलला आणि त्यांचा चेहरा उजळला. माणूस मनानं वाईट नव्हता. हीच अडचण होती.

"अरे, रेणुका! किती वर्षांनी! चहा घे. बस. पाय कसा आहे?"

"पाय हाय पायाच्या जागी. मला शिकायचंय."

"छान! मी स्वतः नेतो तुला. टँडम. तू पुढे बसायचं, मी मागे. तुला काही करायचंच नाही. दहा मिनिटं पवनेचं पाणी बघ, फोटो काढू…"

"पुढं बांधून फिरवायला मी पोतं हाय का, सर? एकटीनं उडायचंय."

सरांनी चष्मा परत नाकावर घेतला. "हे बघ, या वयात, त्या पायानं… बरं, उतारावर सराव कर. खाली. हरकत नाही. पण पहिल्यापासून. तुझी ती पाच उड्डाणं धरता येणार नाहीत."

"धरू नका."

"आणि टेकडीवरून सोडायचं की नाही ते मी ठरवणार."

"ठरवा. पण एक सांगते. मला ओढ आणि सोड चालणार न्हाई. मला वढ म्हणा, न्हाईतर मोकळं म्हणा."

"म्हणजे?"

"वढ म्हणजे वढ. मोकळं म्हणजे हात वर. हे दोन शब्द यकमेकात मिसळत न्हाईत. कुटं बी तोडा, कळत्यात."

सर हसले. "रेणुका, इथं पुण्या-मुंबईची माणसं येतात. कंपन्यांचे साहेब येतात. त्यांच्यापुढे मी वढ म्हणू? हसतील लोक."

"हसू द्या की. हसून कुणाची नडगी मोडत न्हाई."

*

उतारावरचा पहिला दिवस. शिकवायला ज्योत्स्ना मॅडम. तळेगावची, एकोणतीस वर्षांची, उन्हानं नाकाची सालं निघालेली. म्हणाली, "वारा डोंगराला येऊन धडकतो आणि लाटेसारखा वर चढतो. आपण त्या लाटेवर बसायचं. लाट आपली नसते, बसणं आपलं असतं." रेणुका मनात म्हणाली, हे मला ठाऊक हाय. मग विंग, म्हणजे ती छत्री, उचलायला गेली आणि तोंडावर पडली.

परत पडली.

परत.

एकोणीस वर्षांपूर्वीची छत्री जड असायची. म्हशीसारखी हळूहळू उठायची, तिला जोर लावून ओढावं लागायचं. ही नवी, पातळ, शेळीच्या करडासारखी उसळून डोक्यावरून पुढं जायची आणि हिला घेऊन पालथी पडायची. हातांना जे आठवत होतं ते सगळं चुकीचं होतं. शेजारी तेजल, जिला काहीच आठवायचं नव्हतं, तिसऱ्या खेपेला झोकात पळत गेली.

"आत्या, पळ ना!"

"पळतेच हाय! तेच मागं वढतंय!"

"मग ते मोकळं कर!"

"काय म्हणालीस?"

तेजल दचकली. मग दोघी हसत सुटल्या, आणि तेवढ्यात वाऱ्यानं विंग फुगवली नि रेणुकाला धसकटांवरून बसल्या बसल्या दहा फूट नेलं.

दुसरा दिवस. खरचटलेलं: दोन्ही कोपरं, हनुवटी.

तिसरा दिवस लिहिण्यासारखा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी खाटेवरून उठताना ती "आई गं" म्हणाली आणि तिचा नवरा संदेश, जो मळवलीला रेल्वेत ट्रॅकमन होता आणि रात्रपाळी करून नुकताच आला होता, चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला.

"सोड की आता," तो म्हणाला.

"काय सोड?"

"नाद सोड म्हंतो. त्या माणसाला काय शिक्का मारायचा तो मारू दे."

"संदेश, तुमच्यात लाइनवर काम चाललंय आणि फोनवर कुणी म्हणालं, गाडी सोडू नको. नको ऐकूच आलं न्हाई. मग?"

"तसं व्हतच न्हाई. आमच्यात ऐकलेलं परत म्हणून दाखवायला लागतं. तो व्हय म्हणाला की मग पुढचं."

रेणुकानं कप घेतला. "बघ," ती म्हणाली. "तुमच्यात अक्कल हाय. ह्यांच्यात न्हाई. म्हणून मी जाते."

संदेशनं तिचे बूट दारात आणून ठेवले. ते त्याचं उत्तर होतं.

पाचव्या दिवशी कशानं काय झालं कुणास ठाऊक. विंग उठली, तिच्या डोक्यावर आली आणि थांबली. जशी व्हॅन उतारावर नेमक्या गिअरमध्ये पडली की इंजिन गुरगुरायचं थांबतं, तशी. रेणुका तिच्याखाली उभी. डोळ्यात पाणी आलं ते वाऱ्यानं, असं तिनं तेजलला सांगितलं.

त्याच दिवशी अजून एक झालं. ज्योत्स्ना सुरुवातीला तिच्यापुरतं 'वढ' आणि 'मोकळं' म्हणत होती, तिची समजूत म्हणून. पाचव्या दिवशी ती पिंपरीहून आलेल्या एका इंजिनिअरलाही ओरडली, "मोकळं! मोकळं!" आणि इंजिनिअरनं झटकन हात वर केले. सहाव्या दिवशी सगळी बॅच तेच बोलत होती. जेवताना कुणीतरी भाताचा डबा अडवून बसलं तर दुसरा म्हणायचा, "वढ इकडं." पुण्या-मुंबईची माणसं हसत होती, आणि चुकत नव्हती.

राजेंद्र सरांनी ते ऐकलं. ज्योत्स्नाला बाजूला घेऊन म्हणाले, "कॅम्पची एक पद्धत आहे."

ज्योत्स्ना म्हणाली, "सर, लवकर कळतं त्यांना."

"एकोणीस वर्षं माझे शब्द सगळ्यांना कळले. एक सोडून."

ती एक मागं विंगची घडी घालत होती. तिनं घडी पुरती घातली, पट्टा आवळला, मग वळली.

"सर, आठव्या दिवशी वरून उडणार. खालून तुमीच बोला. दुसरं कुणी नको. तेव्हा बी तुमीच व्हता."

"ज्योत्स्ना?"

"ती तयार आहे, सर," ज्योत्स्ना म्हणाली. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बॅचमध्ये सगळ्यात जास्त पडली तीच, पण आता तयार आहे."

सरांनी हात पसरले. "बरं बाई. मोकळं तर मोकळं. म्हणेन मी तुझे शब्द."

*

आठव्या दिवशी दुपारी चार. वर टेकडीवर ज्योत्स्ना आणि रेणुका. खाली खाचरात वॉकीटॉकी घेऊन राजेंद्र सर, शेजारी तेजल. लांबवर लोहगड. त्याच्या अलीकडे एक्स्प्रेस वे वरून गाड्या मुंग्यांसारख्या, पण मुंग्यांना एवढी घाई नसते.

हेल्मेटचा पट्टा. पायाचे पट्टे. छातीवर वॉकीटॉकी. नडगीतल्या पट्टीला गार लागत होतं.

"भीती वाटतेय का, रेणुकाताई?"

"लय."

"थांबायचं?"

"भीती वाटतीय म्हणाले. थांबायचं कुटं म्हणाले?"

ती पळाली. चार पावलं जमिनीवर, पाचवं जमिनीवर नाही.

विसरलं होतं ते हे. आवाज. कानाजवळून सतत एक शीळ वाहते, आणि जोवर ती वाहतेय तोवर सगळं ठीक असतं. पायाखालून करवंदीची जाळी गेली, मग एक बकरी, मग दाढी न केलेला गाल. तिनं हसायला तोंड उघडलं आणि टेकडीच्या कडेनं झोत आला.

तसाच. त्याच जागी. एकोणीस वर्षं तिथंच बसून राहिला होता जणू.

ती वर उचलली गेली आणि तिचे हात खाली आले. तिला कुणी विचारलं नाही, हातांनी परस्पर ठरवलं. शीळ बारीक झाली. अजून बारीक. खाली खाचरात एक माणूस दोन्ही हात हलवत धावत सुटला होता.

वॉकीटॉकी खरखरली.

"ओड!"

कोपरं कमरेकडे निघाली होती.

"ओड! ओड!"

"ओड?" रेणुका मोठ्यानं म्हणाली. ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. ऐकायला तिथं कोणी नव्हतं. तिचं तिनं ऐकलं. ओड. असा शब्दच नाही. आपले शब्द दोन. यातला हा एकही नाही. जो शब्दच नाही त्याचं ऐकायला मी कुणाची बांधली हाय का?

"मोकळं," तिनं स्वतःला सांगितलं, आणि हात वर केले.

हातांनी कुरकुर केली. तिनं वरच ठेवले.

छत्री पुढं झुकली आणि शीळ परत आली. आधी चहाच्या किटलीसारखी, मग शाळा सुटल्यासारखी.

वॉकीटॉकी परत खरखरली. मग सरांचा आवाज आला, धापा टाकत, प्रत्येक अक्षर सुटं: "मो-कळं. मोकळं. शाबास. तसंच."

खाचर वर येऊ लागलं. धसकटं वेगळी वेगळी दिसू लागली.

"थांब… थांब… वढ!"

तिनं वढलं. दोन पावलं पळाली, तिसऱ्याला गुडघ्यावर आली, आणि छत्री तिच्या मागं हळूच आडवी झाली, दमलेल्या पोरासारखी. तेजल किंचाळत येऊन तिच्या गळ्यात पडली, हेल्मेटवर डोकं आपटून घेतलं, आणि तरी सोडेना.

राजेंद्र सर चालत आले. चेहरा पांढरा पडला होता, ओठाला थुंकी चिकटलेली.

"बघ," ते म्हणाले. "आज नाही घाबरलीस."

"आज बी घाबरले," रेणुका म्हणाली. "तेव्हा बी घाबरले व्हते. पण तेव्हा वढलं ते भीतीनं न्हाई, सर. तुमी सांगितलं म्हणून वढलं. आज तुमी काय म्हणालात?"

"मी? मोकळं म्हणालो."

"त्याच्या आधी."

सरांनी ओठ पुसले. मग म्हणाले, "सोड म्हणालो असेन. तोंडातून गेलं. सवय. तू पडणार असं वाटलं मला, मी…"

"घाबरलात," रेणुकानं त्यांना शब्द काढून दिला.

"पण सोडच म्हणालो! स्पष्ट!"

त्यांच्या हातातली वॉकीटॉकी खरखरली. वर टेकडीवर ज्योत्स्ना सगळं पाहत होती. तिनं बटण दाबलं असावं, मनात एक मोजलं असावं, आणि मग बोलली. म्हणून तिचं पहिलं अक्षरसुद्धा शाबूत आलं.

"सर, सोड म्हणालात का तुम्ही? मला इथं ओड ऐकू आलं. तिन्ही वेळा. तुम्ही दर वेळी बटण दाबायच्या आधीच बोलता, सर."

खाचरात तिघं जण होते. वारा होता. बकरी होती.

*

हॉलमध्ये सरांनी स्वतः खिळ्यावरून फ्रेम काढली. "हे पान मी आजच फाडून टाकतो," ते म्हणाले. आवाजात खरं वाईट वाटणं होतं.

"फाडू नका," रेणुका म्हणाली. "इतकी वर्षं लोकांनी बघितलंय, अजून बघू द्या. काच काढा फक्त."

काच निघाली. तिनं तेजलच्या केसांतली पिन मागून घेतली आणि पांढरी शाई खरवडली, हळूहळू, कागद फाटू न देता. खालून तिचं नाव निघालं. अक्षर सरांचंच होतं, वळणदार. मग तिनं पेन घेतलं. 'घाबरली' हा शब्द तिनं खोडला नाही. तो खराच होता. त्याच्यापुढं तिनं लिहिलं: 'पण जे ऐकू आलं तेच केलं. ऐकू आलं: ओड.'

"सही करा," तिनं पेन सरांपुढं धरलं.

सरांनी पेनाकडे पाहिलं. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. दारात इंजिनिअर, तेजल आणि बाकीची बॅच उभी होती, आणि कुणीही हसत नव्हतं.

"हे वाचून लोक म्हणतील, चूक माझी होती."

"व्हय," रेणुका म्हणाली. "घाई न्हाई. मला व्हॅन काढायचीय उद्या सकाळी, तवर मी हितंच हाय."

ती बाकड्यावर बसली, पाय लांब केला आणि नडगी चोळू लागली.

दोन हजार सहा साली कॅम्पच्या वॉकीटॉकीवर सरांचं "हा पाठवा" असं ऐकू आलं की मेसमधल्या भामाबाई न विचारता चहा पाठवायच्या.